पुटकुळ्यांची चिठ्ठी

मंगळवार, हिर्डोशी

तोंडावरच्या पुटकुळ्यांना गोळी मिळावी म्हणून आज आईला घेऊन भोरला गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळाला व्यंग येतं. म्हणून आधी लघवीची तपासणी, मग महिनाभर थांबायचं, शिवाय गर्भनिरोधक. लग्न न झालेल्या पोरींनाही हेच सांगते, म्हणाल्या. तपासणीत काही निघालं नाही. मग आईनं एसटीत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तीनदा का वाचली?

घरी आल्यावर म्हणते, "पाळी कवा आलती गं?" सांगितलं. कॅलेंडरवर म्हैस रेड्याकडं नेऊन फळवल्याची खूण आहे, तिच्याशेजारी माझी तारीख मांडली! चिठ्ठी स्वतःच्या बटव्यात घातली. मी काय लपवलंय?

पुटकुळ्या माझ्या तोंडावर आहेत. आई मात्र आल्यापासून माझ्या पोटाकडंच बघतीय.