'रोझाबेल'ची बातमी

सोमवार, ५ फेब्रुवारी १९६२
नाही छापलं! आजही नाही.
'रोझाबेल' आइसलंडकडे मासेमारीला गेली, तिचा आठवडाभर पत्ता नाही. सकाळच्या 'कुरियर' पेपरने बोटीवरच्या सगळ्यांचे फोटो काळ्या चौकटीत टाकले. उपसंपादक लोमस टेबलापाशी येऊन उभा— "बाई, सगळं बंदर रडतंय आणि आपण मासळीचे भाव छापतोय!"
म्हटलं, "बुडाल्याचा पुरावा आण, लगेच छापते."
'हेरल्ड'च्या संपादकाच्या खुर्चीत बाई बसलेली त्याला अजून पचत नाही. न पचो!

मंगळवार, ६ फेब्रुवारी
मालकांचा फोन. सर हम्फ्री टँकार्ड— पेपर त्यांचा, 'रोझाबेल'ही त्यांचीच. "एडिथ, वादळाने नेली म्हणून लिहा आणि मोकळ्या व्हा."
वादळाने नेली म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. पगार वाचवायला बोटीवर वायरलेसवाला, म्हणजे संदेश धाडणारा माणूसच ठेवला नव्हता, हे मग कोण विचारणार?
"सर, माणसं मेली असं मी अंदाजाने लिहीत नाही." फोन आपटला त्यांनी.
दुपारी नोरा स्केल्टन आली. नवरा सॅम त्याच बोटीवर. मासे कापायच्या कामावरून तशीच आलेली, एप्रनला खवले चिकटलेले. वाटलं, रडेल. कुठलं! "माझ्या पोरांना शाळेत सांगतात, तुमचा बाप मेला. तुम्हीही तेच छापणार असाल बाई, तर आत्ताच तोंडावर सांगा."
"नाही छापणार."
"मग चहा पाजा," म्हणाली. दोघींनी मिळून किटली रिकामी केली.

बुधवार, ७ फेब्रुवारी
नुसता वारा. शीर्षक— 'रोझाबेलचा शोध चालू'. लोमस कपाळाला हात लावून बसला. मी मासा आणि तळलेले बटाटे मागवून पोटभर जेवले.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
सापडली! बर्फामुळे एका खाडीत अडकून पडलेली, वायरलेस मेलेला. माणसं सगळी जिवंत! छापखान्यात टेबलं बडवत होते. लोमसने माझा मुका घेतला आणि स्वतःच घाबरला.
सर हम्फ्री— "शाब्बास! मला खात्री होतीच."
होती म्हणे!

मंगळवार, १३ फेब्रुवारी
बोट काल धक्क्याला लागली. आज नोरा पुन्हा आली. "सॅम घरी झोपलाय. शुक्रवारी परत जायचंय त्याला. तीच बोट, आणि वायरलेसवाला नाहीच. नाही म्हटलं तर काम जातं." मग माझ्याकडे रोखून बघत— "एडिथ, आता काय छापशील गं?"
उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. कोट चढवला, धक्क्यावर गेले. कप्तान आधी टाळत होता, मग भडाभडा बोलला. "दोनदा मागितला मी वायरलेसवाला. प्रत्येक वेळी 'पुढच्या फेरीला बघू'!"
"तुमचं नाव घालू?"
"घाला. आणि मालकांचंही घाला."

बुधवार, १४ फेब्रुवारी
लोमसने मजकूर वाचला. "बाई, हा आपल्याच मालकाच्या गळ्याला हात आहे."
"ठाऊक आहे."
त्याने मजकूर पुन्हा एकदा वाचला. मग पेन्सिल उचलली आणि शीर्षकाचा टाइप आणखी मोठा केला. पठ्ठ्या!

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
काल छापलं, आज माझी खुर्ची गेली. 'रोझाबेल' मात्र धक्क्यालाच उभी आहे— एकही माणूस चढला नाही.