दिलीपच्या मांड्यांचं माप

श्रीरामपूर, मार्च १९७३, शुक्रवार संध्याकाळ

दिलीप दुपारच्या गाडीने सुट्टीवर आला. हवाई दलात कुणी कोणतं विमान चालवायचं ते ठरलं होतं, पण त्याला काय मिळालं ते कळलं नव्हतं. सकाळपासून मला घास गेला नाही. मागच्या लढाईत गेलेली पोरं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

चहा घेताना म्हणाला, "आई, लढाऊ नाही मिळालं. मालवाहू मिळालं."

सुटले! पण तोंडावर दिसू दिलं नाही. त्याला लहानपणापासून लढाऊच हवं होतं ना.

"चालवाया कमी पडला का रं?" यांनी विचारलं.

"नाही अप्पा, गुणांत मी वरच होतो. पण मांड्या मोजल्या. लढाऊ विमानातून जीव वाचवायला खुर्चीसकट बाहेर उडायचं असतं. तेव्हा माझे गुडघे समोर आपटून तुटतील, म्हणाले."

मांड्या! दर वर्षी चड्ड्या आखूड होतात म्हणून मी किती कुरकुरायचे.

तो मात्र हसत होता. "मला वाटलं, माझा हातच कच्चा निघाला. साहेब म्हणाले, हात चांगलाय, पायच लांब आहेत." मग मीही हसले, केवढ्यानं!

हे उठून बाहेर गेले. पोरगा लढाऊ विमान चालवणार म्हणून गावभर सांगून बसलेत, वाईट वाटणारच. समजूत घालायला मागोमाग गेले, तर हे कुंपणापाशी शेजारच्या भाऊसाहेबांना सांगत होते, "ते बारकं इमान न्हाई आमच्या पोराचं. ह्याच्यात आख्खी जीप चढती!"