भिंतीत सरकणारं दार

बाबा, आज सुताराला घरी बोलावलं होतं. माझ्या बाथरूमला भिंतीत सरकणारं दार बसवून घेतेय. आता त्याची चौकट, चाकं, सगळं तयार मिळतं. त्याला मापं सांगता सांगता लखनौच्या इंदिरा नगरचं आपलं घर डोळ्यांपुढे आलं नि बराच वेळ मी तिथंच रमले.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. पक्षाघातानंतर तुमचा उजवा हात अधू झाला, जीभही जड झाली. जन्मभर रेल्वेत हुकूम सोडलेला माणूस कुणासमोर तोंड उघडेना. त्यात ते बाथरूम. बोळ एवढासा, दार आत उघडायचं. वॉकर घेऊन तुम्ही आत गेलात की ते लागायचंच नाही. आई पाठ करून उघड्या दारात उभी राहायची नि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवायचात. मला फार वाईट वाटायचं. सरकत्या दाराची कल्पना तुमचीच. डाव्या हातानं पाटीवर वेडंवाकडं चित्र काढलंत: विटांची भिंत, तिच्यापुढे प्लायवूडची आणखी एक, मधल्या फटीत दार. आलमबागहून आणलेला सुतार डोकं खाजवतोय. "बाबूजी, अलमारी में तो लगाए हैं, दीवार में कभी नहीं." तुम्ही चित्रावर बोट आपटता. "अच्छा, समझ गए," म्हणत तो कामाला लागतो. दार बसलं, आणि दुसऱ्याच दिवशी आईनं त्या कोऱ्या भिंतीवर मराठी कॅलेंडर टांगायला खिळा ठोकला. खिळा थेट दारात शिरला नि दार आतच अडकलं. "भिंत दिसल्यावर माणूस खिळा ठोकणारच ना हो," असं वर तुम्हालाच सुनावलं. आजारपणानंतर तुम्ही पहिल्यांदा हसलात ते तेव्हा.

खिळा निघाला. तुम्ही आत गेलात आणि दोन बोटांनी स्वतः दार ओढून घेतलंत. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "उन्ना... उन्नाव." मग कानपूर. लखनौहून जळगावला, आपल्या गावी जायच्या वाटेवरची स्टेशनं तुम्ही घोकत होतात. मग ते रोजचंच झालं. उरईला गाडी कितीतरी दिवस अडली. बोळाला लागून स्वयंपाकघर, पोळ्या लाटता लाटता आई मला हळूच सांगायची, "आज झाशी ओलांडली हं." त्या दिवशी बँकेत माझं काम हसतखेळत व्हायचं. एकदा तुम्ही पाटीवर लिहून विचारलंत, बाहेर ऐकू येतं का? "छे, काहीसुद्धा नाही," आई म्हणाली आणि उठून रेडिओ मोठा केला.

थंडी सरता सरता एका रविवारी, जेवायला बसल्यावर तुम्ही मान वर करून म्हणालात, "आपण जळगावला जाऊ." अगदी स्पष्ट. आईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. "अगंबाई, कधीपासून बोलायला लागलात?" मीही डोळे मोठे केले. तुम्ही इतके खूश झालात की पानात पुरणपोळी कशी, हे विचारायचंही राहून गेलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. ते प्लायवूड फार पातळ होतं, बाबा. आदल्या सकाळी तुम्ही भुसावळ गाठलंत, तेव्हाच आईनं पुरणासाठी डाळ काढून ठेवली होती.