मेणबत्तीवर बसवलेली गाडी

अनसिंग,
बुद्धपौर्णिमेनंतरचा आठवडा

प्रिय राजपालराव,

देवानंदचा सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक असून पुण्यात तुम्हा उभयतांची तब्येत चांगली असेल, अशी आशा करतो. (पोट कमी झालं का, असं तुमची बहीण सुकेशनी विचारते. मी विचारलं नसतं.) गाडी आमच्या अंगणात ठेवून जाताना तुम्ही म्हणाला होता की अधूनमधून चालवत जा. चालवताना ती थांबली तर काय करावं, हे सांगायचं राहून गेलं. तुम्हाला बस गाठायची होती, हे मी समजू शकतो.

पौर्णिमेच्या सकाळी त्याच गाडीतून मी तुमच्या मातोश्रींना किन्हीराजाहून खिरीसाठी आणलं. त्यांची अट तुम्हाला ठाऊक आहे. लेकीच्या घरी जेवायचं, पण मुक्काम करायचा नाही. बाबा गेल्यापासून त्या तिथे एकट्या असतात. सुकेशनी दरवेळी राहा म्हणते आणि दरवेळी त्या गेल्यावर भांडी जोरात घासते. त्या संध्याकाळी आईंना परत न्यायला निघालो, तर वेशीपाशीच जळका वास सुटला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. (आमच्या घराण्यात अशी माणसं आहेत, नावं घेत नाही.) ढकलत परत आणली. आईंनी तेव्हाच सर्वांना बजावलं की मी मुक्कामाला राहिलेली नाही, गाडी बिघडली म्हणून थांबले आहे.

दुसऱ्या दिवशी किसनसिंग मिस्त्री आला. क्लचप्लेट जळाली होती. चाकांकडे जाणारे दोन्ही एक्सेल ओढून काढले, गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट आणली. इथपर्यंत मलाही सोपं वाटलं. पण चढवताना गिअरबॉक्सचा दांडा प्लेटच्या दातेरी भोकातून सरळ आत जावा लागतो. प्लेट जराशी सरकली तरी तो जात नाही. म्हणून बोल्ट आवळेपर्यंत भोकात एक गोल खुंटी घालून प्लेट मधोमध धरून ठेवतात. किसनसिंगची खुंटी वाशीमच्या कोण्या मिस्त्रीने नेली होती. लाटणं घालून पाहिलं. (जाड निघालं, शिवाय सुकेशनीने पाहिलं.) मग आईंनी वंदनेची जाड मेणबत्ती आणून दिली. मला ते बरं वाटेना. त्या म्हणाल्या, "जवाईबापू, मेनबत्ती अंधारासाठीच असते ना? मंग गाडीच्या पोटात काय कमी अंधार हाय?" मी मेणबत्ती किसनसिंगच्या हातात दिली.

मेणबत्ती नेमकी बसली. बोल्ट अर्धवट आवळले, तेवढ्यात जेवायला हाक आली. वैशाखाचं ऊन, उघडं अंगण, आणि आई ताटात आणखी वाढत होत्या. जेवून येऊन किसनसिंगने बोल्ट पक्के केले आणि मेणबत्ती ओढली, तर ती केळ्यासारखी वाकून बाहेर आली. ते पाहूनही आम्हाला काही सुचलं नाही, हा दोष मी भरल्या पोटाला देतो. गिअरबॉक्स छातीवर घेऊन उचलला, तो बोटभर अंतरावर अडला. मी म्हटलं, बोल्टनेच ओढून घेऊ. किसनसिंग पडल्या पडल्या म्हणाला, "ओढू नका, भाऊ. बोल्टाचा कान तुटला तं पुरा डबा बदलावा लागन." मग दोघांचीही नजर त्या मेणबत्तीकडे गेली. उन्हाने ती वाकली, तशी प्लेटही खाली सरकली होती.

सगळं पुन्हा उतरवलं. मी बाभळीची खुंटी तासली, त्यात आणखी एक दिवस गेला. या खेपेला प्लेट मधोमध राहिली. गिअर टाकून एक्सेलच्या टोकाने दांडा हळूहळू फिरवला, तसे दाते दात्यांत बसले आणि गिअरबॉक्स स्वतःहून आत गेला. जोर कोणीच लावला नव्हता. मी बराच वेळ तसाच गाडीखाली पडून राहिलो. (सुकेशनीला वाटलं, झोप लागली.)

सूनबाईंना आईंचे आशीर्वाद.

आपला,
देवानंद

ता. क. : गाडी कालच सुरू झाली. आईंना अजून सांगितलेलं नाही. सुकेशनी हल्ली भांडी हळू घासते. आईंचा तुम्हाला फोन येईल, तेव्हा गाडीचं काही सामान पुण्याहून यायचं आहे असं सांगा. मी रोज सकाळी पंचशील घेतो, मला खोटं बोलता येत नाही. तुम्ही रविवारीच घेता.

पुन्हा ता. क. : आज आई झोपल्या आहेत असं समजून गाडी गल्लीतून फिरवून पाहिली. त्या दारातच मूग निवडत बसल्या होत्या. तीच लाल गाडी, दारावर तुम्हीच पाडलेला ओरखडा. त्यांनी मान वर करून नीट पाहिलं आणि सुकेशनीला विचारलं, "कोनाची गाडी हाय वं?"