सांभाळणारीचं नातं

प्रिय बर्नी,

तू फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या जिन्याखाली उभं राहून बेल वाजवायचा मला धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे. रविवारची दुपार आहे. हेझल शेजारच्या वाढदिवसाला गेली आहे. तळ्यावरचं वारं अजून बोचरं आहे, पण रस्त्याकडेचे बर्फाचे काळे ढीग एकदाचे वितळले. पत्रात आधी घरच्या बातम्या आणि मग मनातलं, हे तूच शिकवलंस, तेव्हा आधी बातम्या. हेझलला मी शाळेतल्याच संध्याकाळच्या वर्गात घातलंय. सहा वाजता घ्यायला जाते तेव्हा ती कोट घालून दाराशी बसलेली असते, शेवटून दुसरी नाहीतर शेवटची. तक्रार करत नाही. गाडीत बसल्यावर एवढंच विचारते, "बर्नी मावशीला बरं वाटलं का?" मी तिला तुला सर्दी झाल्याचं सांगितलं होतं. एवढी लांबलेली सर्दी सहा वर्षांच्या मुलीलाही पटत नाही. ईस्टरला आजीच्या रिवाजाप्रमाणे तुम्ही दोघींनी केलेलं लोण्याचं कोकरू तिने कापू दिलेलं नाही. फ्रीजमध्ये त्याचा एक मिरीचा डोळा गळून पडला, तर तिने नवा लावला आणि मला दटावलं, "मम्मी, याला कुणी हात लावायचा नाही. मावशी आली की खायचं."

तुला आठवतं, दम्यामुळे आई मला शाळेत घालायचं पुढे ढकलत राहिली, आणि माझी पहिली काही वर्षं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशीच गेली. आई प्लास्टिकच्या कारखान्यात दोन पाळ्या करायची आणि तू हायस्कूलमधून आलीस की दप्तर खाली ठेवायच्या आधी माझी वही तपासायचीस. एकदा दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले, तर तू मला भर बर्फातून परत पाठवलंस. मी रडत आले तेव्हा माझे मोजे शेगडीपाशी वाळत घालताना म्हणालीस, "झाबका, खरं ते सांगून टाकलं की पोटात दुखत नाही." आजीच्या पोलिश भाषेतली छोटी बेडकी, मला एवढ्या लाडाने दुसऱ्या कुणी कधी हाक मारली नाही. तुझं ते वाक्य मी इतकं घट्ट धरून ठेवलं, की हॉस्पिटलात ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करताना एखादा चिमटा धुवायचा राहिला असं नुसतं वाटलं तरी मी सगळा ट्रे पुन्हा धुवायला लावते. माझ्याबरोबर काम करणारी डेनिस म्हणते, "बाई, तुझ्या लग्नात तू नवरासुद्धा दोनदा उकळून घेशील."

तुला पैसे कसे द्यायचे ते या डेनिसनेच तर सुचवलं होतं. तू हॉस्पिटलमधून बरी होऊन, गोळ्या नियमित घेऊन, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या वरच्या खोलीत एकटी राहायला लागलीस, आणि तुला काम कुणी देईना. मी पैसे पुढे केले की तू पाकीट तसंच टेबलावर ठेवून जायचीस. हेझलला शाळेच्या बसवरून घेऊन संध्याकाळपर्यंत सांभाळायचं तू आपणहून मागितलंस आणि वर म्हणालीस, "त्याचे पैसे दिलेस तर मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." मी हे जेवणाच्या सुट्टीत डेनिसला सांगितलं, तर ती पेपरोनी सॉसेज भरलेला पाव चावत म्हणाली, "अगं बावळट, नोकरी करणाऱ्या आईने मूल सांभाळायला कुणाला पैसे दिले, तर सरकार टॅक्समध्ये त्यातला थोडा भाग सोडतं. बहिणीला दिले तरी चालतात. फक्त तिचं नाव-गाव, नंबर द्यायचा आणि तिने तिची कमाई दाखवायची. तिला सांग, हे उपकार नाहीत, सरकारी योजना आहे." मी तुला अगदी हेच शब्द सांगितले. तू म्हणालीस, "म्हणजे मी कामाला लागले म्हणायचं." तुझ्या आवाजात किती दिवसांनी ऐट ऐकली होती! त्या शुक्रवारी पहिल्या पगारातून तू आम्हाला चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला नेलंस, आणि हेझलच्या कोबीच्या कोशिंबिरीवरून वाढणाऱ्या बाईशी भांडलीस, "एवढीशी? पोर वाढत्या अंगाची आहे, बाई!"

वर्षभर किती छान चाललं, बर्नी. मी दमून यायची तेव्हा तुझ्या खोलीच्या जिन्यातच कांद्याचा आणि सॉसेजचा वास यायचा. हेझल तुझ्या पलंगावर उताणी पडून वाचून दाखवत असायची आणि तू चूल आणि पुस्तक या दोन्हींवर लक्ष ठेवून असायचीस. "पुन्हा वाच. शब्द गिळलास." मी उंबऱ्यावर उभी राहून ऐकायची. मला वाटायचं, ही तिला शिकवतेय का मला? तिचे खांदे उडवणं तुझं आहे. झोपेत तळपाय एकमेकांवर घासणंही तुझंच. मी कधी बोलले नाही, तूही नाही. ती शाळेत जायला लागली की तिला सांगायचं, असं आपलं ठरलं होतं. शाळा सुरू झाली, नाताळची सुट्टी येऊन गेली, आणि मी प्रत्येक वेळी म्हणत राहिले, जरा थांबूया, तिला ताप आहे, तिची मैत्रीण दुरावली आहे, या आठवड्यात नको. तू एकदाही घाई केली नाहीस. तू फक्त मान हलवायचीस.

मग लेंटमधला, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतला तो शनिवार. टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात म्हणून आपण लायब्ररीत गेलो. तू लिपस्टिक लावली होतीस. हेझल पुस्तकांच्या कोपऱ्यात पालथी पडून वाचत होती आणि आपण त्या टोपीवाल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकापुढे बसलो. आधी तुझी पाळी. त्यांनी विचारलं, "व्यवसाय काय लिहू, मॅडम?" तू म्हणालीस, "मुलं सांभाळते." ते म्हणाले, "मुलं? इथे तर एकच दिसतंय." "एकच आहे, पण चौघांना पुरून उरते," तू म्हणालीस, आणि शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा हसली. मग माझी पाळी आली. ते पाठ झाल्यासारखं वाचत गेले, सांभाळणारी व्यक्ती तुमचा नवरा नाही, तुमच्यावर अवलंबून नाही, तुमचं एकोणीस वर्षांच्या आतलं मूल नाही. "तेवढी तरुण तर दिसत नाही, माफ करा," असं तुझ्याकडे पाहून म्हणाले. तू म्हणालीस, "तुमचा चष्मा बदला." आणि मग शेवटचं, "आणि मुलीची आई नाही. बरोबर?"

तू पटकन "नाही" म्हणालीस. अगदी सहज, कुणी साखर हवी का विचारल्यासारखं. तिथेच ते संपलं असतं. ते पुढच्या ओळीवर गेलेही होते. पण माझ्या पोटात दुखायला लागलं. खोट्यावर आपण सही करतोय, उद्या कुणी विचारलं तर, तुझंच नाव अडकलं तर, असं काय काय मनात आलं. मी खालच्या आवाजात म्हटलं, "थांबा. जन्म हिने दिलाय. दत्तक मी घेतलंय. मग ही आई धरायची का?" त्यांनी टोपी काढली. त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. त्यांनी पलीकडच्या बाईंना हाक मारली, त्या जाडं पुस्तक घेऊन आल्या, आणि दोघं तुझ्या डोक्यावरून बोलत राहिली. दत्तक पूर्ण झालंय का, कोर्टाचा शिक्का आहे का, हिचे काही हक्क शिल्लक आहेत का. तू हात मांडीवर ठेवून त्या पुस्तकाकडे बघत होतीस, जसं तपासणीच्या वेळी डॉक्टरच्या खोलीत बघतात. शेवटी त्या बाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "काळजी नको. कायद्याने या बाई मुलीच्या कुणीच लागत नाहीत. आईच्या बहीण, एवढंच." आणि म्हातारे माझ्याकडे वळून म्हणाले, "अभिनंदन! तुम्हाला सूट मिळणार." किती भली माणसं होती ती. माझं चांगलं व्हावं म्हणूनच बोलली. तू त्यांचे आभार मानलेस, हेझलचा कोट शोधलास, त्याची चेन तिच्या गळ्यापर्यंत लावलीस. गाडीत तू मागे तिच्याजवळ बसलीस. आरशात मला तुझ्या ओठांवर लिपस्टिक दिसली नाही. कधी पुसलीस, कुणास ठाऊक.

त्यानंतरही तू ईस्टरपर्यंत रोज बसपाशी उभी राहिलीस. पण पैशाचं पाकीट माझ्या हातून घेईनाशी झालीस. टेबलावर ठेव म्हणायचीस. ईस्टरच्या आदल्या दिवशी सणाच्या जेवणाची टोपली पवित्र करून घ्यायला चर्चच्या रांगेत उभ्या असताना तू पुढे बघतच म्हणालीस, "क्लॅरा, मी क्लीव्हलंडला एका पाळणाघरात अर्ज केलाय." मी म्हटलं, का? इथे काय कमी आहे? तू म्हणालीस, "पैसे घेतले तर मी तिची नोकर. नाही घेतले तर मी तिची कोण? त्यांनी पुस्तकात बघून सांगितलं ना." मी म्हटलं, पुढच्या वर्षी आपण सूट मागायलाच नको. तू हसलीस, आजारी होण्याआधी हसायचीस तशी. "वेडी आहेस का? हक्काचे पैसे आहेत, सोडू नकोस. तिथे परक्यांची मुलं असतील. परक्यांची संध्याकाळी परत देताना काही वाटत नाही." तेवढ्यात पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि हेझल किंचाळून हसली. तिचं तोंड पुसायला तुझा रुमाल आधी पुढे आला. मग तो तू माझ्या हातात दिलास.

टॅक्समधली सूट मिळाली, तिचे पैसे आले. तुझ्यापासून काय लपवायचं, ते खर्चही झाले. घर तापवणारी भट्टी बिघडली होती, ती दुरुस्त केली. घर आता गरम राहतं.

आता जे सांगायला बसले ते. गुरुवारी कामावर असताना मला क्लीव्हलंडच्या त्या पाळणाघरातून फोन आला. ज्यांचं मूल सांभाळलं त्यांचं नाव म्हणून तू माझं दिलं होतंस. मी हातमोजे काढून जिन्यात गेले. बाई नीट बोलणाऱ्या होत्या. वेळेवर येते का, मुलांवर ओरडते का, असं विचारत गेल्या, आणि मी जे आहे ते सांगत गेले. "तुमचं मूल तुम्ही पुन्हा तिच्या हाती द्याल का?" मी म्हटलं, उद्या सकाळीच देईन. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आणखी काही आहे का, जे आम्हाला ठाऊक असायला हवं?" बर्नी, मला ठाऊक होतं त्या काय विचारत आहेत. हेझल झाल्यावरचे ते महिने, हॉस्पिटल, त्या गोळ्या. तूच स्वतः कोर्टात उभी राहून म्हणाली होतीस, मला बरं व्हायला वेळ लागेल, पोर परक्यांकडे जाऊ देऊ नका, माझ्या बहिणीला द्या. एक वाक्य बोलले असते, तर त्यांनी गोड शब्दांत नकार कळवला असता आणि तू इथेच राहिली असतीस. सोमवारी बसपाशी हेझलला तू दिसली असतीस. आणि मला म्हणता आलं असतं, मी फक्त खरं सांगितलं. मी म्हटलं, "नाही. आणखी काही नाही." त्या म्हणाल्या, मग आम्ही त्यांना घेतोय. तुझी क्लीव्हलंडची बस कधीची आहे ते कळव. तुला निरोप द्यायला मी हेझलला घेऊन येईन, आणि तू हो म्हणालीस तर त्याआधी, तुझ्यासमोर, तिला सांगेन की ही तुझी आई जाते आहे.

तुझीच,
क्लॅरा