पलटणीला फुटलेले कोंब

ठाणे, आश्विन शुद्ध एकादशी

राजमान्य राजेश्री रघुनाथराव यांसी त्र्यंबकाचा कृतानेक नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. खरे काय ते पत्र वाचून आपणच ठरवावे. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला असावा. आपण भाद्रपदात धाडलेली पडवळे पोहोचली आणि ती इतकी लांब होती की शेजारच्या दोन घरांतही पोहोचली. असो.

आपल्या भगिनी (म्हणजे आमचे कुटुंब) महिनाभर धड जेवत नव्हत्या. त्याचे कारण आपल्या कानांवर आलेच असेल, पण पत्र वहिनीही वाचतात म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमच्या नकाशाच्या कचेरीतून एका माणसाला कराचीच्या बंदराच्या कामावर पाठवायचे, असे वरून आले. माणसे दोन : एक मी आणि दुसरे शेजारच्या मेजावरचे गुप्ते. निवड करणार कॅप्टनसाहेब. मला स्वतःला कराचीचे फारसे वाटत नव्हते. समुद्र तिथेही आहे आणि नकाशे तिथेही काढतात. पण आपल्या भगिनींना आगबोटीची धास्ती, आणि त्याहून जास्त म्हणजे माहेरचे कल्याण सुटण्याची. भाऊबीजेला सकाळच्या गाडीत बसून तुमच्या ओसरीवर उतरायचे आणि घटासाठी माती विठ्ठलवाडीच्या तुमच्या शेतातलीच आणायची, या दोन गोष्टींवर त्यांचे सारे वर्ष उभे असते. त्यांनी देवीला नवस बोलला की कराची टळली तर खणानारळाने ओटी भरीन. मी मात्र साहेबाला खूश करण्याचे ठरवले. देवी आणि साहेब यांचे आपसांत कसे आहे हे मला ठाऊक नसल्यामुळे दोन्हीकडे अर्ज असलेला बरा.

संधी आपण होऊन आली. आमचे कॅप्टनसाहेब जातीचे लष्करी, पण सरकारने त्यांना पूल बांधायला बसवले आहे. ती हौस ते रविवारी भागवतात. बंगल्यातल्या मोठ्या मेजावर हिरव्या बनातीचे जाड कापड घालतात, त्यावर पेराएवढे कथलाचे शिपाई मांडतात आणि कल्याणचे रेल्वेचे एक साहेब येऊन त्यांच्याशी लढाई करतात. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचे आणि शिपाई आडवे करायचे. (आपण सोंगट्या खेळतो तेव्हा वेळ फुकट गेला म्हणतात, यात जातो त्याला शास्त्र म्हणतात.) काबूलची लढाई होऊन दोनतीन वर्षे झाली, पण साहेबाच्या मते ती नीट लढली गेली नाही, म्हणून ते पुन्हा लढणार होते. त्यासाठी जर्मनीहून नवे शिपाई आले होते ते कोरे, रंगाशिवाय. नकाशावर ओढे-नाले रेखणारा हात बारीक, म्हणून दोन्ही फौजा साहेबाने माझ्याकडे दिल्या.

रंगवण्याचे काम मी मन लावून केले. अंगरख्यांना तांबडा हिंगूळ, बुटांना काजळी, पट्ट्यांना सफेता. मिशा काढताना हात जरा सैल सुटला आणि ढोल वाजवणाऱ्या पोरांनाही मिशा आल्या, त्या पुन्हा भादराव्या लागल्या. अफगाण मी कधी पाहिलेले नाहीत. त्यांच्या डोक्यांवर माझ्या हाताने आपोआप आपल्याकडची पगडी बसवली. त्यांचा सरदार तर हुबेहूब आपल्यासारखा झाला. भगिनींनीच तो ओळखला आणि महिन्यात पहिल्यांदा हसल्या, म्हणून मी तो पुसला नाही. आपण राग मानू नये.

मग साहेबाचा हुकूम आला की प्रत्येक शिपाई पुठ्ठ्याच्या चकतीवर चिकटवून चकतीवर खरी माती लावावी, म्हणजे मुलुख खरा दिसेल. आता माती नेमकी कुठली घ्यावी, हे मी भगिनींना विचारायला हवे होते. पण सर्वपित्री अमावास्येचा दिवस, त्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक चाललेला, स्वयंपाकघरात जाण्याची सोय नाही, आणि माजघरात सुपात चाळलेली सुरेख काळी माती तयारच ठेवलेली. तीत बारीक खडे दिसले, ते तर साहेबाला हवेच होते. मी ओंजळभर घेतली, खळीत कालवली आणि साहेबाच्या तांबड्या पलटणीच्या पायांखाली लावली. अफगाणांना ती पुरली नाही, म्हणून त्यांना रस्त्यावरची धूळ लावली. पलटणीचे काम आधी झाले होते, तेव्हा कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे तिच्यावर ओले फडके झाकले. नकाशाचा कागद कापडावर डकवला की आम्ही ओले फडके घालतो, म्हणजे खळ सावकाश सुकते आणि कागद सुरकुतत नाही. मातीला तडे जाऊ नयेत म्हणून मी तेच केले, आणि कचेरीतून आलो की फडके पुन्हा भिजवीत होतो. उचलून मात्र पाहिले नाही. नकाशाचे फडके मधेच उचलायचे नसते.

चौथ्या दिवशी फडकेच वर उचललेले दिसले. खाली पलटणीला कोंब फुटले होते. सुपातली माती म्हणजे विठ्ठलवाडीची तुमची माती, आणि त्यातले खडे म्हणजे घटासाठी मिसळून ठेवलेले गहू, जव आणि नाचणी. मी चिमटा घेऊन कोंब उपटायला बसलो, तोच भगिनी आडव्या आल्या. देवीच्या नावाने मिसळलेले धान्य, नवरात्रात रुजलेले, ते दसऱ्याआधी उपटायचे नाही. उपटलेत तर कराची लागली म्हणून समजा, एवढेच बोलल्या आणि पलटणीवर पाणी शिंपडून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो प्रत्येक शिपायाच्या छातीवर हळदकुंकू. मी नोकर माणूस. घरच्या सरकारचे हळदकुंकू तसेच राहू दिले.

पंचमीला रविवार होता. दोन परातींत फौजा घेऊन बंगल्यावर गेलो. साहेबाचा बटलर सिल्वेस्टर याने दारातच परातीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, “मास्तर, लढाय करतंव का भात लावतंव?” गुप्त्यांची त्या वेळी आठवण झाली. आता साहेब रागावून मलाच कराचीला धाडणार आणि ते ठाण्यात राहणार, याचा मला राग नव्हता, पण हेवा वाटला.

साहेबाने पलटण पाहिली आणि एक शिपाई उचलून डोळ्यांजवळ धरला. कोंब दोन बोटे वाढले होते. शिपाई टोपीपर्यंत बुडालेले, कुठे नुसती संगिनीची टोके वर. मी मान खाली घालून उभा. लढाई सुरू झाली तेव्हा कल्याणच्या साहेबाने तोफा लावल्या, फासे उचलले, आणि आमच्या साहेबाने त्याचा हात धरला. त्याचे म्हणणे, उभ्या पिकात दडलेली फौज शत्रूला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या फौजेवर तोफ डागता येत नाही. कल्याणचा साहेब तांबडा झाला, नियमांचे पुस्तक आणवले, आणि दुर्दैवाने त्यात तसेच लिहिले होते. पुढे काय सांगावे? उघड्या धुळीत उभे असलेले अफगाण दुपारच्या चहापर्यंत साफ झाले. आपण पहिल्याच माऱ्यात पडलात. साहेब इतका खूश झाला की त्याने माझ्याशी हात मिळवला. घरी ही बातमी कळताच भगिनी पोटभर जेवल्या, आणि कराची टळलीच असे धरून अष्टमीला त्यांनी देवीची ओटी भरली.

असा हा विजय. सर्वांस यथायोग्य सांगावे, गुडघ्याला तेल लावावे.

आपला,
त्र्यंबक

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. निवडीचा हुकूम नवमीला आला. साहेबाचीच कराचीला बदली झाली आहे, आणि असा कसबी माणूस सोडवत नाही म्हणून त्यांनी मला मागून घेतले आहे. गुप्ते इथेच राहतील. त्यांना चित्रे येत नाहीत. भगिनींना मी अजून सांगितलेले नाही. ओटी भरलेल्या बाईला हे कसे सांगावे ते मला समजत नाही. आपण थोरले भाऊ आहात, गुडघा सांभाळून एक दिवस यावे आणि आपण सांगावे, एवढ्याचसाठी हे लांबण लावले.

आणखी ता. क. येण्याची तसदी घेऊ नये. पत्र बंद करीत होतो तेव्हा आपल्या भगिनी दाराशी आल्या. सिल्वेस्टरकडून त्यांना परवाच कळले होते. मी दुखावेन म्हणून मला कळू दिले नाही, असे म्हणाल्या. मला फार वाईट वाटले. देवीला बोल लावला नाही, मलाही नाही. फक्त एक निरोप लिहायला सांगितला आहे : कराचीला म्हणे सारी वाळू. तेव्हा भाऊबीजेला आम्ही येऊ, त्या वेळी तुमच्या शेतातली पोतेभर माती काढून ठेवावी. चाळू नये, त्या स्वतः चाळतील.