‘नवऱ्याला विचार’ नावाचं कापड

प्रिय पोकुआ,

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी शेवटचं पान उलटून बघशील, मी काय मागतेय ते शोधायला. तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं. पण तसं करू नकोस. चार महिने आपण एकमेकींशी बोललेलो नाही, आणि त्याआधी बावीस वर्षांत न बोलता गेलेला एक दिवस मला आठवत नाही. तेव्हा चार पानं सलग वाचण्याइतका धीर धर. नाहीच जमलं तर चुलीत टाक. तुझी चूल, तुझा अधिकार.

तुझ्या गाळ्यात आता फोनची कव्हरं विकणारा एक माणूस बसतो. दिवसभर एकच गाणं लावतो आणि माझ्याकडे बघून हसतो. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं, हा का हसतोय? याला कोणी पाठवलंय? आमचा नवरोबा अम्पोन्सा म्हणाला, “अगं, शेजारी म्हणून हसत असेल तो. सगळ्या जगाला काय तुझ्याशिवाय दुसरा धंदा नाही?” त्याचा गुडघा अजून तसाच आहे, आणि माझा स्वभावही. दुपारी मक्याचा केंके घेते तर एकटीला संपत नाही. अर्धा परत बांधून घरी नेते आणि रात्री तोच खाते. केजेटियाच्या अख्ख्या बाजारात अर्धा केंके वाटून घ्यायला मला दुसरी कोणी मिळालेली नाही, हेही तुला कळू दे.

तुझ्या भाचीने पहिल्यांदा तुझा व्हिडिओ काढला तेव्हा मी हसले होते, आठवतं? अर्ध्या मिनिटात कापड विकायचं म्हणे! आपण गिऱ्हाइकाला अर्धा तास तर बसवूनच ठेवतो. मग अक्रामधून बायका फोनमध्ये तुझं तोंड घेऊन यायला लागल्या. माझ्या गाळ्यासमोरून, मला ओलांडून, “ती कापडांची नावं सांगणारी बाई कुठे बसते?” असं मलाच विचारत. तीन लाख माणसं तुला बघतात असं माझ्या लेकीने, आसाबेआने सांगितलं, तेव्हा मी आधी म्हटलं, विकत घेतली असणार. मग म्हटलं, पाद्रीबुवांकडून फोनवर प्रार्थना करून घेतली असेल. तुझ्या पाद्रीबुवांना मी आडून आडून विचारलंसुद्धा. ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मी मुकाट्याने दानपेटीत नोट टाकून बाहेर पडले.

मग मी हिरवी वही आणली. तुला माहीत नसेल असं मी तेव्हा समजत होते. दुपारी बाजार थंडावला की तू टेबलावर डोकं ठेवून डुलकी काढायचीस आणि मी पाठ फिरवून, आवाज अगदी बारीक करून तुझेच व्हिडिओ बघत बसायचे. एकेक व्हिडिओ वीस-वीस वेळा. आधी हात दिसतो, तोंड नंतर. कापड हवेत झटकायचं, त्याचा आवाज येऊ द्यायचा. नाव लगेच सांगायचं नाही, बघणारीला ओळखायला लावायचं. हसू आलं तरी दाबायचं आणि अगदी शेवटी सोडायचं. इतरही मोठ्या लोकांचे बघितले. तो स्वयंपाकवाला, ती वेण्या घालणारी. पण वहीत निम्म्याहून जास्त पानं तुझीच. अम्पोन्साने एकदा वही चाळली आणि म्हणाला, “इतका अभ्यास तू लग्नाआधी माझा केला असतास, तर माझं नशीब फळफळलं असतं आणि तू दुसरीकडे गेली असतीस.”

एवढं शिकून मी उभी राहिले आणि काय केलं असेल? तोंड उघडलं आणि नमस्कार करत सुटले. आधी बाजारातल्या वडीलधाऱ्यांना, मग कापडवाल्यांच्या प्रमुख राणीबाईंना, मग चर्चच्या महिला मंडळाला, मग परदेशात असलेल्या आपल्या लेकरांना. तोंडातून पहिला शब्द विचारपूस सोडून दुसरा काढायची आपल्याला सवयच नाही, आईने तसं वाढवलेलंच नाही. आसाबेआ फोन खाली ठेवून म्हणाली, “आई, तुझे नमस्कार संपेपर्यंत लोकांनी फुफू कुटून खाल्ला आणि हातसुद्धा धुतले!” एकशे बारा वेळा बघितलं गेलं. त्यातली चाळीस वेळा मीच होते. पुढे नमस्कार कापले, कापड झटकलं, हात आधी दाखवला, सगळं तुझ्यासारखं केलं. तरी आकडा दोनशेच्या वर जाईना. तेव्हा माझी खात्रीच पटली, की तू एखादी महत्त्वाची गोष्ट लपवून ठेवली आहेस. नाहीतर त्याच बाजारात, त्याच कापडाला, आपल्या दोघींच्या सारख्याच जाड दंडांना तीन लाख आणि दोनशे असा फरक का पडावा?

जुलैत ते पिवळ्या किल्ल्यांचं निळं कापड आलं. कंपनीचा नुसता नंबर घेऊन, नेहमीसारखं. ज्या बाईने दिलेलं नाव बायकांच्या तोंडी बसेल तिचं दुकान वर्षभर चालणार, हे काय तुला सांगायचं? गठ्ठा सोडला, किल्ल्या बघितल्या, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘नवऱ्याला विचार’. सवतीने विचारावं, अगं एवढं भारी कापड कुठून आणलंस, आणि आपण नुसतं वळून दाखवावं! मी गाळ्यात एकटीच खदाखदा हसले. इतक्या वर्षांत मला सुचलेलं हे पहिलं नाव होतं. तू वीस तरी नावं दिली असशील. मला एक सुचलं तर घरी जाऊन मी अम्पोन्साला कोंबडीचं सूप करून घातलं.

चार दिवसांनी तुझा व्हिडिओ आला. तेच कापड, तेच नाव, शेवटी सोडलेलं तेच तुझं हसू.

पोकुआ, त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते. मला आश्चर्य वाटलं नाही. ‘हिला बरोबर पकडली’ असं वाटलं. बावीस वर्षं जे माझ्या मनात कुठेतरी होतं, की हिचं सगळं माझ्यापेक्षा सोपं का जातं, त्याचं उत्तर मला मिळालं होतं. ही चोरते. आसाबेआवर संशय घेतला, तिनेच सांगितलं असेल म्हणून. पडद्यामागून तू ऐकलंस असं वाटलं. आणि वहीत मी तेव्हा नुकतंच लिहून ठेवलं होतं, की मोठ्यांचे सगळ्यात जास्त बघितलेले व्हिडिओ कापडाचे नाहीत, जेवणाचे नाहीत, भांडणाचे आहेत. तो स्वयंपाकवाला त्याच्या भावाशी भांडला तेव्हाच मोठा झाला. मग मी उभी राहिले. नमस्कार नाही, काही नाही. पहिलं वाक्य, “माझ्या शेजारणीने माझी चोरी केली आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या गाळ्यासमोर आलीस. मी आसाबेआला खूण केली, फोन चालू कर. तोही टाकला. त्यात तू उभी आहेस, “फ्रेमा, वेडी आहेस का गं?” म्हणतेस, खाली बघतेस आणि निघून जातेस. नऊ लाख, पोकुआ! नऊ लाख माणसांनी तुझं ते खाली बघणं बघितलं आणि लिहिलं, बघा, चोराला मान वर करता येत नाही. तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. मुलं तुझ्या गाळ्यासमोर किल्ल्या वाजवून जायची. ऑगस्ट संपायच्या आत तू गाळा सोडलास आणि मामपाँगला आईच्या घरी गेलीस. मी पडद्याआडून तुझी गाठोडी जाताना बघितली. बाहेर आले नाही.

आता त्या व्हिडिओत जे नाही ते लिहिते. खाली बघितल्यावर तू आणखी बोलली होतीस. माझ्या टेबलाखालच्या खणाकडे बघत होतीस तू. म्हणालीस, “तुझी ती हिरवी वही काढ. मे महिन्यातली पानं बघ, आणि मग काय ओरडायचं ते ओरड.” ते मी कापलं. वहीत नियम लिहिला होता ना, बघणारा जिथे कंटाळेल तिथे कापायचं. आसाबेआ म्हणाली, “आई, हे राहू दे, मावशी काहीतरी सांगतेय.” मी म्हटलं, लांबतंय. त्या दिवसापासून ती माझा फोन हातात धरत नाही. एका भाड्याच्या माणसाकडून काढून घेते मी. आणि वही? वही मी उघडलीच नाही. उलट खणाला कुलूप घातलं. मला वाटलं, हिला माझी वही हवी आहे. हिला माझ्या वहीचं कळलं कसं? नक्की हेरत असणार!

मागच्या महिन्यात कापडवाल्यांच्या संघटनेच्या बायका माझ्याकडे आल्या. आता मीही मोठी झाले होते ना. म्हणाल्या, फ्रेमा, आम्हालाही शिकव, बघणारे कसे वाढवायचे. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू! त्यांना शिकवायला नियम नीट उतरवून काढावेत म्हणून मी कुलूप उघडलं. मे महिन्याचं पान. तुझा तो लाल कुलपांच्या कापडाचा व्हिडिओ. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘शेवटी म्हणते, पिवळ्या किल्ल्यांचं कापड येतंय, कोणी विचारलं कुठून आणलंस तर सांगायचं, नवऱ्याला विचार. इथे हसू दाबते. शिकण्यासारखं.’ मी खालची ओळ अधोरेखितसुद्धा केली होती, दोनदा. आणि पोकुआ, त्या व्हिडिओत तू ते नाव फार सावकाश म्हटलंयस, एकेक शब्द सुटा करून. तो मी परत लावून बघितला. तू कधीच इतकं सावकाश बोलत नाहीस. माझं लिहिणं हळू चालतं, हे बाजारात फक्त तुला माहीत आहे. तू डुलकी काढत नव्हतीस, हो ना? रोज दुपारी तुझ्या पाठीमागे कोणीतरी तुझं शिकतंय हे तुला माहीत होतं, आणि तू मला लिहून घेऊ देत होतीस.

मला रडू आलं. आधी लाज वाटली नाही, आधी रडूच आलं. मग शिकवायच्या दिवशी साठ-सत्तर बायका वह्या घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी नियम सांगितले नाहीत. मे महिन्याचं पान वाचलं आणि मी काय कापलं ते सांगितलं. मग मागून एक बाई म्हणाली, “हेही कोणी कुठून तरी फोनवर काढतंय का गं? दहा लाख होतील या वेळी.” तिचा मला राग आला नाही, कारण आदल्या दिवशी तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. अम्पोन्सा म्हणाला होता, माफीचा व्हिडिओ टाक. आणि मी लगेच मनात मोजायला लागले, रडले तर किती जण बघतील, नाही रडले तर किती. स्वतःचा इतका संशय मला कधी आला नव्हता. ते दोन व्हिडिओ मी पुसून टाकले आहेत. खरं सांगणारा एक, अर्ध्या मिनिटाचा, आसाबेआने काढून ठेवलाय. त्यात मी रडत नाही. तो टाकायचा, कधी टाकायचा, की तू स्वतः काही बोलणार, हे तू ठरवायचं.

तेव्हा आता शेवट. हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं त्या आपल्या राणीबाई तुझ्यासमोर बसल्या असतील. चुकलेल्या माणसाने स्वतःच तोंड वर करून दारात जायचं नसतं, कोणीतरी मोठं पुढे घालून पदर पसरायचा असतो, हे तुला मी सांगायला नको. या वयात, सुजलेल्या पायांनी त्या खचाखच भरलेल्या ट्रोट्रो गाडीत बसून आल्या आहेत. वाटभर त्यांनी मला काय काय ऐकवलं असेल ते तू ओळखशीलच. त्यांना आधी पाणी दे. त्यांना मी सांगितलंय, की माझ्या वतीने तुझे पाय धरू नका, ते मीच धरेन. तू हे वाचत असशील तेव्हा मी मामपाँगच्या स्टेशनवर, संत्री विकणाऱ्या बाईच्या बाकावर बसलेली असेन. कुमासीला घरी परतायची शेवटची गाडी साडेपाचला आहे. तू नाही म्हणालीस तर मी तिने जाईन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. तुझा गाळा परत मिळवायला त्या फोनवाल्याशी मात्र भांडणारच आहे, तू ये किंवा नको येऊस. माझा फोन मी घरीच ठेवून आलेय, पोकुआ. म्हणून बोलवायचं झालंच, तर कोणाला तरी स्टेशनवर पाठवावं लागेल.

तुझीच,
फ्रेमा